येळवशीचं कार्ड घरीच करायचंय? ठसे, डाय आणि ज्वारीचं कणीस

मागच्या येळवशीला मी अकरा कार्डं केली आणि त्यातली पाठवण्यालायक निघाली चार. बाकीची सात अजून कपाटात आहेत, कुणाची शाई पसरलेली, कुणाची घडी तडकलेली, एकावर तर हरभऱ्याचं पानच उलटं चिकटवलंय. पण ती चार कार्डं बघून आता दोघीतिघी विचारायल्यात की ताई कसं केलं, मशीन कुठली घेतली, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, आमच्या लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी अख्खं गाव रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपी, पांडवांची पूजा, जेवायला भज्जी, उंडे, आंबील. माझा धाकटा भाऊ पुण्याला, त्याला त्या दिवशी सुट्टी कधीच मिळत नाही. मोबाईलवर फोटो तर सगळेच पाठवतात, मला म्हणलं त्याच्या हातात काहीतरी पडावं. तुम्हाला वाढदिवसाचं करायचं असू दे नाहीतर संक्रांतीचं, पायऱ्या ह्याच आहेत, फक्त झाड बदलायचं.

नवीन असाल तर दोन शब्द आधी समजून घ्या. ठसा म्हणजे आपला शिक्काच, फक्त अक्षरांच्या जागी पान-फूल. डाय म्हणजे पातळ स्टीलचा साचा, बिस्किटाचा साचा कसा पिठातून गोल कापतो तसा हा कागदातून पान कापतो, पण हाताच्या जोरानं कापत नाही, त्याला दोन रुळांची हँडल फिरवायची छोटी मशीन लागते.

१. सामान जमवा, मशीन सगळ्यात शेवटी

लोकं उलटं करतात, आधी मशीन ऑर्डर करतात आणि मग कागद झेरॉक्सवाल्याकडून आणतात. मीपण तेच केलं. लागतं ते एवढं:

- कार्डासाठी जाड कागद, २५० ते ३०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम, आकडा मोठा तितका कागद जाड)
- पानं कापायला थोडा पातळ रंगीत कागद, २०० जीएसएमच्या आसपास
- ठसे (विकतचे पारदर्शक किंवा खोडरबरचे घरचे) आणि पारदर्शक ठसा चिकटवायला अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा
- शाईचे पॅड, दोनच रंग घ्या, एक हिरवा एक तपकिरी
- स्टीलची पट्टी, कटर, बारीक टोकाची कात्री, संपलेला बॉलपेन
- बारीक तोंडाची गमची बाटली, दोन्हीकडून चिकटणारी फोम टेप
- मास्किंग टेप, बटर पेपर, एक सुई
- डाय आणि मशीन, ही नसली तरी चालतं, पुढं सांगते

ऑफिसात शिक्का मारायला जे जांभळ्या शाईचं पॅड असतं ना, ते सरावाला वापरा, कार्डावर नको. ती शाई कागदात पसरते आणि पाण्याचा थेंब पडला की संपलंच.

२. कागद

सगळ्यात जास्त कार्डं माझी कागदानं घालवली. ए-फोर साईजचा जाड कागद घ्या आणि आडवा मधून कापून दोन तुकडे करा. प्रत्येक तुकडा १४.८ बाय २१ सेंटीमीटरचा होतो, तो दुमडला की १०.५ बाय १४.८ चं कार्ड. ह्याला बसणारं पाकीट ११.४ बाय १६.२ चं, स्टेशनरीत सी-सिक्स म्हणून मागा.

आता ह्यात एक गोम आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. कागदालापण लाकडासारखा उभा धागा असतो, धाग्याच्या दिशेनं दुमडला तर घडी गुळगुळीत येते, आडवा दुमडला तर घडीवर कागद तडकतो, आतला पांढरा दिसायला लागतो. बहुतेक ए-फोर कागदाचा धागा लांबीच्या दिशेनं असतो, म्हणून अख्खा ए-फोर मधून दुमडून मोठं कार्ड केलं की हमखास तडकतं, आणि वर सांगितल्यासारखा आधी कापून मग दुमडला की तडकत नाही. खात्री करायची तर कागद नुसता वाकवून बघा, न मोडता, ज्या रेघेवर तो सहज वाकतो त्या रेघेची दिशा तीच धाग्याची दिशा.

हातकागद वापरायचा मोह होतो, मलापण झाला. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं, तिथं हातानं कागद करायची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली त्या काळापासून हा धंदा तिथं आला असं सांगतात. वेरूळला गेलो तेव्हा मी चार कागद आणले. दिसायला काय सुंदर, पण पृष्ठभाग खडबडीत, शाई पितो, बारीक रेघांचा ठसा मारला की शेवाळ आल्यासारखं दिसतं. तो ठशाच्या खालचा थर म्हणून लावा, कडा हातानं फाडून, लई छान दिसतो.

आणि घरात पडलेल्या लग्नपत्रिका! आपल्याकडं एका सिझनला तीस-चाळीस तरी येतात. त्यांचा कागद डायला एकदम बरोबर. फक्त प्लास्टिकसारख्या चकचकीत असतील तर त्यावर ठसा मारू नका, शाई वाळतच नाही. गणपतीचा भाग आधी कापून बाजूला ठेवा, नाहीतर कात्री चालवली की घरातले ओरडतात.

३. घडी

२१ सेंटीमीटरच्या बाजूवर १०.५ वर दोन्हीकडं पेन्सिलची बारीक खूण करा, स्टीलची पट्टी ठेवा आणि संपलेल्या बॉलपेननं दाबून एक रेघ ओढा. शाईचा पेन नको, खरंच संपलेला बघून घ्या, ह्यावरून माझं एक कार्ड गेलंय. रेघेनं एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. आपला हात आपोआप खाचेकडं दुमडायला जातो आणि ते चुकतं. खाच बाहेर, उंचवटा आत, असं दुमडायचं. मग चमच्याच्या पाठीनं घडी घासून घ्या.

ह्याच वेळी पुढच्या बाजूला लावायचा एक तुकडा कापून ठेवा, ९.५ बाय १३.८ चा. सगळी झाडं ह्या तुकड्यावर लावायची, कार्डावर थेट नाही. तुकडा बिघडला तर तुकडा टाकायचा, कार्ड वाचतं.

४. कुठलं झाड?

ऑनलाईन मिळणाऱ्या ठशांत सगळी तिकडची झाडं, निलगिरीची पानं, लॅव्हेंडर, नेचे, नाताळची लाल फळं. मी पहिल्यांदा हौसेनं गव्हाच्या कणसाचा ठसा घेतला, म्हणलं कणीस ते कणीस, पिवळ्या शाईत मारलं की झाली ज्वारी. कार्ड तयार करून सासऱ्यांना दाखवलं. मामांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणले, "हे तर गहू हाय की. आपल्या रानात गहू कुठंय?" गव्हाच्या कणसाला लांब कुसं असतात आणि आपली रब्बीची ज्वारी म्हणजे घट्ट, गोलसर, अंड्यासारखं कणीस. शेतात वाढलेल्या माणसाला हे लांबून कळतं, आणि कार्ड तर अशाच माणसाला जाणार असतं.

तेव्हापासून मी आधी रान बघते, मग ठसा हुडकते. थोडं डोकं लावलं तर परदेशी सेटपण कामाला येतात. थिसल नावाचं काटेरी फूल पुष्कळ सेटांत असतं, करडई त्याच कुळातली, ठसा केशरी-पिवळ्या शाईत मारा, करडईच दिसते. स्वीट-पी म्हणून वेल मिळतो, तो शेंगावर्गातला, त्याचं सुटं फूल जांभळट गुलाबीत मारलं की हरभऱ्याचं फूल. नेच्याची लहान डाय असेल तर तिची टोकं तोडून हरभऱ्याचा पाला होतो, मोठी असेल तर चिंच नाहीतर बाभूळ करा. ज्वारीच्या पानाला गवताच्या पात्याची कुठलीही डाय चालते, पण गवत नाजूक असतं आणि ज्वारीचं पान रुंद, मधून वाकलेलं, म्हणून मी ते कात्रीनंच कापते.

कणीस मात्र विकत मिळालं नाही, ते घरी केलं. पेन्सिलच्या मागचं खोडरबर ब्लेडनं थोडं तासून दाण्याएवढं केलं. सुट्या कागदावर फिक्या पेन्सिलनं अंडाकृती काढून खालून वर दाणे ठोकत जायचं, आधी फिकी शाई, ती वाळली की अर्धा दाणा सरकवून गडद. फिकी शाई वेगळी आणायची गरज नाही, ठसा एकदा रद्दी कागदावर मारायचा आणि परत शाई न लावता कणसावर मारायचा, आपोआप फिका उमटतो. एका कणसाला दहा मिनिटं जातात, पण तोंड उघडून बघत बसावं असं दिसतं.

५. ठसा मारताना

नवा पारदर्शक ठसा तेलकट असतो, शाई थेंबाथेंबानं गोळा होते आणि आपल्याला वाटतं शाईच खराब. ठशावर साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, ठीक होतो. ठसा मोठा असेल तर त्याला पॅडवर दाबू नका, पॅड उचलून ठशावर टिचकी मारल्यासारखं टेकवत जा, शाई सारखी लागते. कागदाखाली आठदहा पानांचा पेपर किंवा जुना माऊसपॅड ठेवा, कडक टेबलावर ठशाचा मधला भाग उमटत नाही. सरळ खाली, दाबा, सरळ वर. पुढंमागं डोलवायचं नाही. पोळपाटावर लाटल्यासारखा हात फिरवला की दोन दोन रेघा आल्याच समजा.

कणीस, पान, फूल जे कापायचंय ते सुट्या कागदावर मारा, आणि मारल्यावर वाळू द्या. उन्हाळ्यात आपल्याकडं पाच मिनिटांत वाळतं, पावसाळ्यात अर्धा तास थांबा. बोट लावून बघायची सवय मला अजून आहे, तुम्ही लावून घेऊ नका.

ठसे धुवायला नळ सोडून बसायची गरज नाही, आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आम्हाला तर ते जमणारच नाही. ताटलीत ओलं फडकं घ्या, ठसा दोनदा टेकवा, कोरड्या फडक्यावर पुसा. झालं. ठसे खिडकीत उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात आणि चिकट होतात. पॅड झाकण घट्ट लावून उलटं ठेवलं की शाई वरच्या बाजूला राहते.

६. डायनं कापणं

क्रम नीट बघा. खाली मशीनची पाटी, तिच्यावर कापायची प्लास्टिक पाटी, तिच्यावर कागद, कागदावर डाय, वर दुसरी प्लास्टिक पाटी. प्रत्येक मशीनला पाट्या थोड्या वेगळ्या असतात, सोबतच्या कागदावर चित्र असतं, पण एक नियम कुठंच बदलत नाही: डायची धार कागदाकडं. बोट फिरवून बघा, एक बाजू सपाट असते आणि एका बाजूला कड उठलेली, ती कड खाली. पहिल्या दिवशी मी उलटी ठेवली, पान कापलं नाही आणि नव्या कोऱ्या पाटीवर नेच्याची नक्षी उठली, ती अजून आहे.

ठशाच्या बाहेरून कापणारी डाय असेल तर आधी ठसा, मग डाय. डायच्या पोकळीतून ठसा सगळीकडून सारखा दिसेपर्यंत सरकवा आणि मास्किंग टेपनं पकडा. टेप आधी ओढणीला नाहीतर साडीच्या पदराला दोनदा चिकटवून काढा, तिचा जोर कमी होतो, नाहीतर काढताना कागदाची सालच निघून येते. आणि आधी कापून ठेवलेल्या पानावर नंतर ठसा मारायची वेळ आलीच तर ज्या कागदातून पान निघालं ती चौकट टाकू नका. पान परत तिच्यात बसवा, मागून टेप लावा, मग मारा, पान हलत नाही.

हँडल फिरवताना कडकड आवाज येतो, घाबरू नका, पाट्यांचाच असतो. अडकलं तर मात्र जोर लावू नका, मागं फिरवा आणि थर मोजा, एखादी पाटी जास्त झालेली असते. बारीक पानांची डाय सरळ न ठेवता थोडी तिरकी ठेवा, म्हणजे सगळ्या कडा एकदम रुळाखाली येत नाहीत आणि कापतं चांगलं. डाय आणि कागदाच्या मध्ये बटर पेपरचा तुकडा घाला, नाहीतर कापलेलं पान डायमध्येच अडकून बसतं. तरी अडकलं तर मागच्या भोकातून सुईनं ढकला, नखानं ओढू नका. पाटी एकाच बाजूनं वापरली की बोटीसारखी वाकते, दर वेळी पलटत जा.

मशीन घ्यायच्या आधी तिचं तोंड किती रुंद आहे ते बघा. माझ्या मैत्रिणीनं डाय सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि ती तिच्या मशीनमध्ये जातच नाही. ह्या साईजच्या कार्डाला छोटी मशीन पुरते.

७. मशीन नाहीये

काही बिघडत नाही. फक्त डाय कागदावर ठेवून लाटणं फिरवू नका, वरवंटापण नको, सगळं करून झालंय माझं, कागदावर वळ उठतात पण कापत नाही. त्यापेक्षा कागद दुमडून अर्धं पान कापा आणि उघडा, दोन्ही बाजू सारख्या येतात. आपट्याचं पान ह्या पद्धतीनं इतकं सुरेख येतं की दसऱ्याच्या कार्डाला डायची आठवणसुद्धा होत नाही. स्टेशनरीच्या दुकानात पान-फुलाचे पंच मिळतात, लहान पाल्याला तेपण चालतात. भेंडीचा आडवा काप शाईत बुडवला की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, फक्त आधी अर्धा तास सुकू द्या, ओल्या भेंडीचा चिकट सगळीकडं लागतो.

८. चिकटवण्याआधी आतला मजकूर

पुढची बाजू फोमनं उंच झाली की कार्ड टेबलावर सपाट बसत नाही आणि आत लिहिताना पेन उड्या मारतो. म्हणून आधी आत लिहा.

मराठी मजकुराचे तयार ठसे सहज मिळत नाहीत. पण कोर्ट-तहसीलच्या आसपास शिक्के करून देणारे बसतात, त्यांच्याकडून "येळवशीच्या शुभेच्छा" करून घेता येतं. कागदावर स्वच्छ लिहून द्या आणि आधी नमुना बघा. मी मोबाईलवर घाईत टाईप करून पाठवलं, "शुभेच्या" असं, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी जसंच्या तसं करून दिलं. खोडरबरवर स्वतः कोरणार असाल तर अक्षरं उलटी पाहिजेत. बटर पेपरवर पेन्सिलनं सरळ लिहा, तो पालथा घालून रबरावर घासा, उलटं आपोआप उतरतं.

९. जोडणी

गम हातात घ्यायच्या आधी सगळं नुसतं मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा, कारण एक पान उचललं की बाकीचं कसं होतं ते आठवत नाही. आधी ज्वारीची ताटं म्हणजे दांडे, मग पानं, कणीस सगळ्यात वर. पान सपाट चिकटवू नका. तळहातावर ठेवून चमच्याच्या दांडीनं मधून दाबा म्हणजे शिरेवर खोलगट होतं, आणि गम फक्त त्या शिरेला एक रेघ, कडा उचललेल्या राहू द्या. पातळ गम कमीच लावा, जास्त झाला की कागदाला पापडासारख्या लाटा येतात. कणसाखाली फोमचे दोन तुकडे, बस. सगळ्यालाच फोम लावला की काहीच उठून दिसत नाही. मग जाड पुस्तकाखाली न ठेवता हलक्या वहीखाली तासभर ठेवा.

१०. पाकीट आणि पोस्ट

साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ३०० जीएसएमचं हे कार्ड एकटं सव्वानऊ ग्रॅम, पाकीट चारेक, पुढचा तुकडा तीनेक, म्हणजे झाडं लावायच्या आधीच सोळा-सतरा झाले. दोन कणसं आणि फोम लागला की काटा सरकतो. घरी छोटा वजनकाटा नसेल तर ओळखीच्या सोनाराकडं ठेवून बघा, नाहीतर पोस्टाच्या काउंटरवर वजन करूनच तिकीट लावा, पेटीत टाकू नका. उंच भागावर शिक्का हाणला जातो, म्हणून पाकिटात कार्डाच्या पुढं एक पातळ पुठ्ठा घाला, त्याचंपण वजन धरा. मी स्पीड पोस्टनं पाठवते, आणि अमावस्येच्या आठवडाभर आधी.

खरी ज्वारी चिकटवायचा विचार करू नका, भाचीनं हट्ट केला म्हणून एकावर सहा दाणे लावले होते, कपाटात ठेवलेल्या त्या कार्डाला महिन्याभरात किडे लागले.

कापून उरलेली पानं आणि फसलेले पाले रिकाम्या काडेपेटीत भरून ठेवा. येळवस झाली की थोड्याच दिवसांत संक्रांत येते, तेव्हा तिळगुळाच्या पाकिटावर एकेक लावायला होतात.